भ्रूणाच्या हातापायांतील कूर्चा आणि वृद्धी घटकांचे ग्राही

पृष्ठवंशी प्राण्यांच्या हातापायांतील हाडे भ्रूणावस्थेत प्रथम कूर्चेच्या (हाडापेक्षा मऊ व लवचीक ऊतीच्या) रूपात घडतात, आणि ही कूर्चा कोठे, कधी व किती वाढावी हे ठरवण्यात पेशीपटलावरील वृद्धी घटक-ग्राही या, वाढीचा संदेश देणारे रेणू (वृद्धी घटक) धरणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा असतो. कोकण किनाऱ्यावर मिळणाऱ्या मुशी व पाकट यांचा सांगाडा आयुष्यभर कूर्चेचाच राहतो. कोंबडी, उंदीर व माणूस यांत मात्र तिची जागा बहुतांशी हाड घेते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील प्राणिशास्त्राचे विद्यार्थी कोंबडीच्या 72 तासांच्या भ्रूणाची काचपट्टी पाहतात, तेव्हा पंख व पाय यांच्या जागी नुसते उंचवटे दिसतात. त्यांच्या टोकाशी बाह्यस्तराची (भ्रूणाच्या सर्वांत बाहेरील पेशीथराची) जाड कड असते. जॉन सॉन्डर्स यांनी 1948 मध्ये ती काढून टाकल्यावर पंखाचा टोकाकडील भाग घडलाच नाही, असे दाखवले. कडेतील एफजीएफ-8 हा वृद्धी घटक आतील पेशींवरील एफजीएफआर-1 या ग्राहीला बिलगतो, तर आतील पेशींचा एफजीएफ-10 बाह्यस्तरावरील एफजीएफआर-2 ला बिलगतो, आणि या देवाणघेवाणीवरच उंचवटा वाढत राहतो. घटक बिलगला की ग्राहीचे दोन रेणू जोडीने येऊन एकमेकांवर फॉस्फेट चढवतात व तेथून संदेश केंद्रकाकडे जातो. पुढे आतील पेशी दाटीने एकत्र येऊन कूर्चापेशी बनतात. या टप्प्यावर बीएमपी या दुसऱ्या वृद्धी घटकांचे ग्राही आवश्यक असतात.

सर्वांत उद्बोधक आहे तो एफजीएफआर-3. विभाजन पावणाऱ्या कूर्चापेशींवरील हा ग्राही वाढीला आवर घालतो, म्हणून तो नसलेल्या उंदरांची हाडे प्रमाणाबाहेर लांब होतात. उलट, त्यातील 380 व्या स्थानी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन आल्यास आवर सतत लागून राहतो व हातपाय आखूड राहतात. अकाँड्रोप्लासिया या बुटकेपणाचे हे कारण 1994 मध्ये उलगडले. अशी बहुसंख्य बालके सामान्य उंचीच्या आईवडिलांना होतात. हा बदल नव्याने घडतो आणि तोही जवळजवळ नेहमी पित्याच्या शुक्राणूंत. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून आईला दोष देण्याची जी रीत काही घरांत आजही आढळते, तिला यात कोणताच आधार नाही. एफजीएफआर-3 चा संदेश पेशीच्या आत अडवणारे व्होसोरिटाइड हे औषध 2021 मध्ये युरोप व अमेरिकेत मंजूर झाले. ते जन्मानंतर, हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा शिल्लक असेपर्यंतच देता येते.