ओझं बॅटरीचं की इंजिनाचं?

कोकण रेल्वेच्या एखाद्या फलाटावर डिझेल इंजिनाशेजारी उभं राहिलेल्यांना एक गोष्ट नक्की आठवत असेल. सिग्नल मिळाला की आधी इंजिनाचा आवाज चढायचा, पायाखाली फलाट थरथरायचा, आणि गाडी मात्र जागची हललेली नसायची. क्षणभरानं डबे पुढे सरकायचे. आत सोळा सिलिंडरचं इंजिन जनरेटर फिरवत असायचं, त्याची वीज चाकांजवळच्या मोटरींना जायची आणि गाडी ओढायच्या त्या मोटरी. इंजिनापासून चाकापर्यंत जाणारा दांडा त्यात नव्हताच.

हीच रचना मोटारीत बसवा, मध्ये एक मोठी बॅटरी ठेवा आणि ती घरच्या प्लगवर चार्ज करायची सोय करा. झाली रेंज एक्स्टेंडर, म्हणजे पल्ला वाढवणारं इंजिन बरोबर घेतलेली गाडी. रेल्वेच्या इंजिनात अशी बॅटरी नसते, त्यामुळे चढ आला की डिझेल इंजिनालाच जोर लावावा लागतो. मोटारीत चढउतार बॅटरी सांभाळते आणि इंजिनाला त्याच्या सोयीच्या वेगानं एकसारखं फिरू देता येतं. पेट्रोल इंजिनाला हे फार मानवतं. योग्य भार आणि योग्य फेरे मिळाले तर चांगलं इंजिन इंधनातली ४० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामी लावतं. शहरातल्या थांबत-रखडत चालण्यात तेच इंजिन २० टक्क्यांपर्यंत किंवा त्याही खाली घसरतं.

कल्पना आजची नाही. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० साली व्हिएन्नातल्या लोनर कंपनीसाठी ‘सेम्पर व्हिव्हुस’ नावाची गाडी बनवली. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘सदैव जिवंत’. चाकांच्या तुंब्यातच विजेच्या मोटरी आणि वीज करायला दोन छोटी पेट्रोल इंजिनं, अशी तिची मांडणी होती. कारण तेव्हाही हेच होतं: बॅटरी जड आणि पल्ला तोकडा.

सव्वाशे वर्षांनी अमेरिकेतल्या पिकअप ट्रकवाल्या कंपन्या त्याच वळणावर आल्या आहेत. रॅमनं सप्टेंबर २०२५ मध्ये आपला पूर्ण इलेक्ट्रिक पिकअप बाजारात येण्याआधीच रद्द केला आणि त्याचं नाव इंजिन-जनरेटरवाल्या भावंडाला दिलं. फोर्डनं डिसेंबर २०२५ मध्ये एफ-१५० लायटनिंग या पूर्ण इलेक्ट्रिक पिकअपचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. पुढची लायटनिंग रेंज एक्स्टेंडरसह येईल आणि ७०० मैलांहून, म्हणजे सव्वाअकराशे किलोमीटरहून जास्त पल्ला देईल, असं फोर्ड सांगते. योजना बदलण्यापायी १९.५ अब्ज डॉलरचा भार हिशेबात धरावा लागला. फोक्सवॅगनच्या स्काउट या नव्या अमेरिकी ब्रँडकडे ज्यांनी नोंदणी केली, त्यांतल्या बहुसंख्यांनी इंजिनवाला पर्यायच निवडला. वर ३० सप्टेंबर २०२५ ला ईव्ही खरेदीवरची ७,५०० डॉलरची केंद्रीय करसवलतही संपली.

याला कोणी इलेक्ट्रिकची माघार म्हणतं, कोणी शहाणपण. मला दोन्ही घाईचं वाटतं. आधी वजनाचा हिशेब मांडून पाहू.

रॅमच्या रद्द झालेल्या ट्रकला ५०० मैलांचा, म्हणजे ८०० किलोमीटरचा पल्ला मिळावा म्हणून २२९ किलोवॅट-तासांची (एक किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलातलं एक युनिट) बॅटरी लावायचं ठरलं होतं. कवच, वायरिंग, थंड ठेवण्याची यंत्रणा हे सगळं धरून बॅटरी पॅकमध्ये किलोमागे १५० वॅट-तास मावतात असं मानलं, तर हा पॅक दीड टनाचा होतो. म्हणजे एक अख्खी मध्यम आकाराची मोटार जमिनीलगत झोपवल्यासारखी. त्याच ट्रकच्या रेंज एक्स्टेंडर आवृत्तीत ९२ किलोवॅट-तासांची, साधारण ६०० किलोंची बॅटरी आहे, जोडीला ३.६ लिटरचं व्ही-६ इंजिन आणि १३० किलोवॅटचा जनरेटर. विजेवर सुमारे २३० किलोमीटर, टाकीसह एकूण १,१०० असा कंपनीचा अंदाज आहे.

पेट्रोलचं बळ इथे दिसतं. एका किलोत जवळपास १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते. इंजिनानं त्यातली दोन तृतीयांश उष्णता म्हणून उधळली तरी हाती चार उरतात. एक किलो बॅटरीत ०.१५.

आता या ट्रकच्या मागे बोटीचा किंवा घोड्यांचा उंच ट्रेलर जोडा. वेग दुप्पट झाला की हवा कापायला लागणारी शक्ती आठपट होते आणि ट्रेलर तर हवेला भिंतीसारखा आडवा येतो. पल्ला निम्म्यावर येतो, कधी त्याहून खाली. पेट्रोलच्या ट्रकचंही असंच होतं, पण त्याची टाकी पाच मिनिटांत भरते. त्यात बरीच चार्जिंगची ठिकाणं एका मोटारीपुरत्या खाच्यासारखी आहेत. गाडी तोंड घालून लावायची, मागचा ट्रेलर रस्त्यात आडवा राहतो. म्हणून तो आधी सोडवायचा, बाजूला लावायचा, चार्जिंग झालं की पुन्हा जोडायचा. घोडे आत असताना हे करणाऱ्याला इंजिन हवंसं वाटलं, तर त्याला दोष देववत नाही.

पण जनरेटर किती मोठा असावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बीएमडब्ल्यूच्या आय-३ या छोट्या इलेक्ट्रिक गाडीत रेंज एक्स्टेंडर म्हणून ६४७ सीसीचं दोन सिलिंडरचं स्कूटरचं इंजिन होतं, टाकी जेमतेम नऊ लिटरची. त्याचा जनरेटर सुमारे २५ किलोवॅट देई. सपाट रस्त्यावर तेवढं पुरतं. पण माणसं धरून १,६०० किलोंची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगानं सहा टक्के चढ चढू लागली, की नुसतं वजन वर उचलायलाच २६ किलोवॅट लागतात. हवा आणि टायरचं घर्षण मिळवलं की मागणी चाळीसच्या घरात जाते. कमी पडणारी वीज बॅटरीनं द्यायची. युरोपात चालकाला बॅटरी बऱ्यापैकी भरलेली असतानाच इंजिन सुरू करून साठा राखता येई. कॅलिफोर्नियाच्या सवलतीच्या नियमात मात्र बॅटरी जवळपास संपल्याशिवाय इंजिन सुरू व्हायला परवानगी नव्हती. त्यामुळे लांब चढावर तिथल्या आय-३ चा वेग मध्येच ढासळायचा. यंत्र तेच, पण नियम बदलला आणि गाडीचा स्वभाव बदलला. आजचे १३० किलोवॅटचे जनरेटर पाहिले की तो धडा घेतलेला दिसतो.

आणखी एक किंमत आहे. इंजिनाची ताकद आधी वीज करायची, मग त्या विजेची पुन्हा ताकद करायची, यात शंभरातले पंधरा-वीस वाटेत जातात. शहरात इंजिन सोयीच्या फेऱ्यांवर चालल्यानं ते भरून निघतं. महामार्गावर एकसारख्या वेगानं जाताना साधा गिअरच जास्त काटकसरी. म्हणूनच जनरल मोटर्सनं २०१० च्या शेव्हरले व्होल्टमध्ये बॅटरी उतरल्यावर मोठ्या वेगाला इंजिनाचा थोडा जोर थेट चाकांकडे वळवायची सोय ठेवली होती. हे कळलं तेव्हा ‘मग ही इलेक्ट्रिक गाडीच नव्हे’ असा गदारोळ झाला. अभियंत्यांनी केलं ते बरोबरच होतं असं मला वाटतं.

अमेरिका या दिशेला वळत असताना चीनमध्ये वारं उलटं वाहू लागलंय, आणि मला ते फार बोलकं वाटतं. ली शियांग यांच्या ली ऑटोनं २०१९ मध्ये ली वन ही रेंज एक्स्टेंडर गाडी आणली ती फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, स्वतःचा चार्जर नसलेल्या आणि सणाला गावी जाणाऱ्या कुटुंबांसाठी. आठवडाभर वीज, प्रवासाला पेट्रोल. २०२४ मध्ये कंपनीनं ५ लाखांवर गाड्या दिल्या. २०२५ मध्ये हा आकडा ४ लाखांच्या आसपास उतरला आणि त्याच वर्षी कंपनीनं आय-८ आणि आय-६ या पूर्ण इलेक्ट्रिक गाड्या काढल्या. या काळात तिथे जलद चार्जर झपाट्यानं वाढले. बीवायडीनं मार्च २०२५ मध्ये १,००० किलोवॅटचं चार्जिंग दाखवलं: पाच मिनिटांत ४०० किलोमीटर, असा कंपनीचा दावा. कोकण रेल्वेवरही २०२२ मध्ये वरून विजेची तार आली आणि बहुतेक गाड्यांपुढची ती थरथरणारी इंजिनं गेली. वीज वाटेतच मिळते म्हटल्यावर कारखाना बरोबर घेऊन फिरायचं कारण उरत नाही.

मग या गाड्या पर्यावरणाला बऱ्या की वाईट? सगळं प्लगवर अवलंबून आहे. युरोपात प्लग-इन हायब्रिडचं, म्हणजे प्लगवर चार्ज होणाऱ्या पण इंजिनही असलेल्या गाड्यांचं, प्रदूषण मोजताना त्या ठरावीक टक्के अंतर विजेवर जातील असं गृहीत धरतात. २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांची खरी आकडेवारी युरोपीय आयोगानं तपासली, तेव्हा रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन कागदावरच्या साडेतीनपट निघालं. अनेक मालक गाडी चार्ज करतच नव्हते आणि लहान बॅटरी लवकर संपत होती. अमेरिकी माणूस गाडीनं दिवसाला सरासरी ६० किलोमीटर जातो. २३० किलोमीटरची बॅटरी त्याला रोज पुरून उरेल. घरी परतल्यावर केबल लावली, तर. म्हणून मला जाहिरातीतला हजार किलोमीटरचा आकडा बिनमहत्त्वाचा वाटतो. मालकानं वर्षभरात किती अंतर विजेवर कापलं, हे ती गाडी स्वतः नोंदवते. कंपन्यांनी आणि सरकारांनी तो आकडा लोकांपुढे ठेवायला हवा.

व्होल्टमध्ये एक छोटी व्यवस्था होती. रोज प्लग लावणाऱ्यांच्या गाडीत इंजिन आठवडेच्या आठवडे सुरूच व्हायचं नाही. तेल सुकू नये, भाग अडकू नयेत म्हणून साधारण सहा आठवड्यांनी गाडी आपणहून ते काही मिनिटं चालवून घ्यायची. टाकीतलं पेट्रोल वर्षभर तसंच राहिलं, की पडद्यावर सूचना यायची आणि मग बॅटरी भरलेली असतानाही गाडी पेट्रोलवर धावायची, ते शिळं पेट्रोल संपेपर्यंत.