पाचव्या निबंधाचे पाचवे सायटेशन

‘जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांत मराठवाड्याचे प्राध्यापक’ अशा अर्थाची बातमी छापून येते आणि दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या फाटकावर अभिनंदनाचा फ्लेक्स झळकतो. ही यादी स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या माहितीसंचावरून तयार करतात. तिच्यात शोधाचे मोल ठरवलेले नसते. शोधनिबंधांना मिळालेली सायटेशन, म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत दिलेले त्यांचे संदर्भ, निरनिराळ्या सूत्रांनी मोजलेले असतात. त्यांतले सर्वांत बोलबाला असलेले सूत्र म्हणजे एच-इंडेक्स.

ही कल्पना २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी मांडली. संशोधकाचे निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावून वरून मोजत यायचे. ज्या क्रमांकापर्यंत निबंधाची सायटेशन त्याच्या क्रमांकाइतकी किंवा त्याहून जास्त भरतात, तो क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. समजा, परभणीत रेण्वीय जीवशास्त्रात काम करणाऱ्या एका संशोधिकेच्या सात निबंधांना अनुक्रमे ४०, १२, ९, ५, ४, २ आणि ० सायटेशन आहेत. चौथ्याला ५ आहेत, म्हणजे तो बसला. पाचव्याला ४ च आहेत, म्हणून मोजणी तेथे थांबली आणि एच-इंडेक्स ४ आला. आता पहिल्या निबंधाची सायटेशन ४० वरून ४,००० झाली, तरी अंक ४ च राहतो, कारण चारच्या वरची त्याची सायटेशन या हिशेबात धरलीच जात नाहीत. उलट तिने आठवा निबंध लिहून त्यात आपल्याच पाचव्या निबंधाचा एक संदर्भ दिला, तर पाचही निबंधांना किमान ५ सायटेशन होतात आणि एच-इंडेक्स ५ वर जातो. आयोनिडिस यांच्या यादीत स्वतःचे संदर्भ वगळून केलेली गणनाही असते, पण फ्लेक्सवर एवढा तपशील मावत नाही.

पत्रिकेतील ३६ पैकी किती गुण जुळले यावर स्थळ नाकारणाऱ्यांना आपण अंधश्रद्ध म्हणतो. अर्जदाराचा एकही निबंध न उघडता त्याचा एच-इंडेक्स विचारणारी निवड समिती त्यांच्यापेक्षा फार वेगळी वागते, असे मला वाटत नाही.

मुळात सायटेशन मोजते ते उपयोगाला. वेब ऑफ सायन्स या स्कोपससारख्याच दुसऱ्या माहितीसंचावर आधारलेल्या २०१४ सालच्या गणनेत ३ लाखांहून अधिक सायटेशन मिळवून पहिला आलेला निबंध ऑलिव्हर लाउरी यांचा, १९५१ सालचा, आणि तोही द्रावणातील प्रथिन मोजण्याच्या कृतीचा. एम. एस्सी.ला ही कृती केलेल्यांना परीक्षानळ्यांची ती रांग आठवेल. अल्कधर्मी द्रावणात तांब्याचे आयन प्रथिनातील पेप्टाइड बंधांशी जोडले जातात. मग फोलिन अभिकर्मक घातला की तो क्षपण होऊन निळा होतो, आणि या क्षपणात टायरोसिन व ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांचा मोठा वाटा असतो. प्रथिन जितके जास्त, तितका निळा रंग गडद. अल्कधर्मी द्रावणात फोलिन फार थोडा वेळ टिकतो, म्हणून तो पडताक्षणी नळी हलवावी लागते. एखादी नळी हलवायला उशीर झाला, की आलेखावरचा तिचा बिंदू हमखास रेषेच्या खाली उतरतो. जगभरातील प्रयोगशाळांनी हीच कृती वापरली आणि वापरली म्हणून संदर्भ दिला. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा १९५३ सालचा वॉटसन आणि क्रिक यांचा निबंध मात्र त्या गणनेतील पहिल्या शंभरांत नाही. शोध शाळेच्या पुस्तकात गेला, की मूळ निबंधाचा संदर्भ देण्याची कोणाला गरज वाटत नाही.

विषयाची लोकसंख्या हीही एक गोष्ट आहे. कर्करोगाशी संबंधित जनुकावर लिहिले, तर संदर्भ देणारे हजारो जण जगभर असतात. तुरीच्या मर रोगाला तोंड देणारे जनुक शोधले, तर त्या विषयावर लिहिणारेच मोजके. सायटेशनची कच्ची संख्या घेऊन या दोघांना एका रांगेत उभे करणे म्हणजे कोरडवाहू आणि बागायती शेतांचे एकरी उत्पन्न पाणी न विचारता ताडून पाहणे होय.

जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेला बीडीएन ७११ हा तुरीचा लवकर तयार होणारा पांढरा वाण मराठवाड्यात पेरला जातो. बियाण्याची पिशवी फोडताना शेतकरी कोणत्याही निबंधाचा संदर्भ देत नाही, आणि म्हणून त्या पेरणीची स्कोपसमध्ये कुठेही नोंद होत नाही.