डाऊनीची गोष्ट कुठून सुरू करायची?

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की निफाड-दिंडोरीच्या बांधाबांधावर एकच विषय असतो: डाऊनी, म्हणजे वेलीवरचा केवडा रोग. पानावर तेलकट डाग, पान उलटं केलं की पांढरी बुरशी. खरं तर ही बुरशीच नव्हे. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, हिच्यात सेल्युलोज. नात्यानं ही तपकिरी शैवालांच्या जवळची.

हे बागायतदाराला सांगून बघा. "बरं, मग फवारू काय?" असं तो विचारणारच, आणि त्याचं बरोबर आहे. त्याच्यासाठी गोष्ट ओल्या पानापासून सुरू करावी. पानावर पाणी साचलं की बीजाणूंच्या पिशवीतून दोन शेपट्यांचे चलबीजाणू सुटतात आणि त्या पाण्याच्या थरात पोहत पर्णरंध्र गाठतात. तिथं शेपट्या गळतात, कोंब फुटतो, तो रंध्रातून आत शिरतो. द्राक्षाच्या पानाची रंध्रं खालच्या बाजूला असतात. फवारा तिथं पोहोचला नाही तर औषध वाया.

शाळेतल्या पोरांना फवारणीशी काय देणंघेणं! त्यांना पानाच्या पाठीवर रंगहीन नेलपॉलिश लावू द्यावं. वाळलं की चिकटपट्टीनं तो पापुद्रा सोलून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. रंध्रांचे ओठ उमटलेले दिसतात. डाऊनीचं दार त्यांनी स्वतः पाहिलं की निम्मी गोष्ट सांगून झाली.

नाशकात द्राक्षं फक्त विकत घेणाऱ्याला मात्र बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचा, किस्सा रंगतो. 1882 साली फ्रान्सच्या मेदोक भागात मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाला डाऊनीच्या साथीत रस्त्याकडेच्या वेली तेवढ्या हिरव्या दिसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मालकांनी त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. किस्सा झकास, पण त्यातलं जीवशास्त्र बहुतेकदा गळून पडतं: मोरचुदातलं तांबं पानावर आधीपासून होतं, म्हणून चलबीजाणू बाहेरच मेले. डाऊनी आत शिरल्यावर बोर्डोचा उपयोग नाही.

गोष्ट घसरते ती पात्राला मन दिलं की. "डाऊनी औषधाला सरावली" असं सर्रास म्हणतात. सरावत कुणी नाही. लाखो बीजाणूंत एखादा जनुकीय बदलामुळे आधीच तगणारा असतो. तेच औषध पुन्हा पुन्हा मारलं की बाकीचे मरतात आणि त्याचीच पिलावळ बागभर होते. आलटूनपालटून वेगळ्या गटाचं, म्हणजे वेगळ्या तऱ्हेनं मारणारं, औषध घ्यायचं ते यासाठी.