ड जीवनसत्त्व आणि मुलांचे श्वसनसंसर्ग (खानदेश)

ड जीवनसत्त्व हे अन्नापेक्षा उन्हातून अधिक मिळणारे, स्निग्ध पदार्थांत विरघळणारे जीवनसत्त्व असून त्याच्या कमतरतेचा संबंध मुडदुसाप्रमाणेच लहान मुलांच्या न्यूमोनियाशीही जोडला जातो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत उन्हाचा तुटवडा नाही, म्हणून येथे ही कमतरता नसेल असे वाटते. तो समज फसवा आहे. तेल माखलेल्या बाळाला अंगणातल्या कोवळ्या उन्हात पायांवर निजवण्याची आजीबाईंची रीत चांगली असली, तरी हे जीवनसत्त्व घडवणारे अतिनील-ब किरण तिरप्या उन्हात बव्हंशी वातावरणातच शोषले जातात. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड होते, तेव्हा कुठे ते पुरेसे मिळू लागतात; आणि वैशाखात, भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा, नेमक्या त्याच वेळी दारे-खिडक्या लावून बसावे लागते. कळण्याची भाकरी, वरण, भरीत यांतून ते जवळजवळ मिळत नाही, आईच्या दुधातही ते अत्यल्पच असते.

शरीरातील भक्षक (जंतू गिळणाऱ्या) पेशी या जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप स्वतः तयार करतात आणि त्याच्या साहाय्याने कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन निर्माण होते. शिवाय मुडदूस झालेल्या मुलाच्या बरगड्या मऊ व स्नायू अशक्त असल्याने त्याला कफ नीट खोकून काढता येत नाही.

पुरावा मात्र एका बाजूचा नाही. पुणे जिल्ह्यातील इंदापूर येथे झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र श्वसनसंसर्ग झालेल्या पाच वर्षांखालील मुलांत ही कमतरता अधिक आढळली. पण काबूलमध्ये सुमारे ३,००० तान्ह्या बाळांना दीड वर्ष दर तीन महिन्यांनी १ लाख एकके देऊनही न्यूमोनियाचे प्रमाण घटले नाही (२०१२). त्याच वर्षी मंगोलियातील शाळकरी मुलांत, जिथे कमतरता तीव्र होती, रोजच्या ३०० एककांनी सर्दी-खोकल्याचे प्रसंग निम्म्यावर आले. एकदम दिलेल्या मोठ्या मात्रेपेक्षा रोजची लहान मात्रा बरी, असे यावरून मानण्यास जागा आहे, इतकेच.

भारतात बाळाला पहिल्या वर्षी रोज ४०० एकके थेंबांच्या रूपात देण्याची शिफारस आहे, ती हाडांसाठी. मोठ्यांसाठी घरात आणलेली ६०,००० एककांची पुडी बाळाला परस्पर देणे धोक्याचे, कारण अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढते. सातपुड्यातील पाड्यांवर चुलीचा धूर, कुपोषण व अपुरे लसीकरण ही न्यूमोनियाची अधिक ठळक कारणे होत. २ ते १२ महिन्यांच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० वा अधिक, १ ते ५ वर्षांच्या मुलाचा ४० वा अधिक झाल्यास, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असल्यास, थेंब चालू असोत वा नसोत, मुलाला त्वरित दवाखान्यात न्यावे.