ठाणे खाडीत फ्लेमिंगो आले कसे?

पाम बीच रोडने जाताना जागोजागी गुलाबी फ्लेमिंगोंची चित्रं दिसतात. नवी मुंबईची ही ओळख प्रत्यक्षात शहरापेक्षाही नवी आहे. ते वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांची धुराडी तर त्याआधीच उभी राहू लागली होती. फ्लेमिंगोंचे मोठे थवे मात्र खाडीत दिसू लागले ते १९९० च्या दशकात, तेही आधी पलीकडे, शिवडीच्या काठाला.

म्हणजे खाडी नासत गेली आणि मग हे पाहुणे आले. अभ्यासक याचं कारण सांडपाण्याकडे नेतात. दोन्ही काठांच्या वस्त्यांमधून आलेल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर सूक्ष्म शेवाळ माजतं आणि छोटा रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, मुख्यतः त्यावरच जगतो. ओहोटीला तो मान खाली घालून चोच उलटी धरतो. जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे करत चिखलपाणी आत ओढतो, बाहेर फेकतो आणि चोचीतल्या बारीक जाळीवर शेवाळ अडकवतो. पिसांचा गुलाबी रंगही त्यातलाच. पर्यटनाच्या फलकांवर हे कोणी लिहीत नाही, ते सोडा.

भरतीला हा चिखल बुडतो. कांदळवनाच्या दाटीत थव्याला उतरता येत नाही. मग पक्षी उडतात ते नेरूळ-सीवूड्सच्या टॉवरांना लागून असलेल्या पाणथळीत, टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळ नाहीतर डीपीएस तलावात. भरती उतरली की परत खाडीत, मग रात्र का असेना. ही ये-जा शहराच्या दिव्यांमधून आणि तारांवरून होते.

२०१५ मध्ये खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटर भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. पण भरतीला विसावायच्या या जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेरच राहिल्या. डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्या आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तो आटू लागला. त्याच सुमारास नेरूळ परिसरात फ्लेमिंगो जखमी आणि मेलेले सापडले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरवर रात्री एका विमानाची थव्याला धडक बसून तिसांहून अधिक पक्षी गेले.

प्रत्येकालाच ही बदललेली खाडी मानवली असंही नाही. सारसोळे, दिवाळे इथल्या कोळ्यांच्या होड्या ओहोटीला गाळात रुततात आणि जाळ्यात निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) पूर्वीसारख्या येत नाहीत, ही त्यांची जुनी तक्रार आहे.