अंतर तेच, वेळ वेगळी

न्यूयॉर्क ते लंडन हे हवाई अंतर साधारण साडेपाच हजार किलोमीटर आहे. लंडनकडे जाणाऱ्या विमानाला ते कापायला साडेसहा-सात तास लागतात, तर परतीच्या प्रवासात त्याच प्रकारच्या विमानाला साडेसात-आठ तास लागतात. अंतराला वेगाने भागले की वेळ निघते, हा शाळेत शिकलेला हिशेब इथे अपुरा पडतो.

दोन विमानतळांमधले अंतर मोजतात ते पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरून, बृहद्वृत्ताच्या कंसाने, म्हणजे गोलावरच्या दोन ठिकाणांमधल्या सर्वांत जवळच्या वाटेने. सपाट नकाशा याबाबतीत फार फसवतो. ६० अंश उत्तर अक्षांशावर, पृथ्वीच्या नेमक्या विरुद्ध बाजूंना असलेली दोन ठिकाणे घ्या. नकाशात सरळ दिसणाऱ्या अक्षांशाच्या रेषेने गेल्यास सुमारे १०,००० किलोमीटर पडतात, तर उत्तर ध्रुवावरून गेल्यास जेमतेम ६,७००. विमान जमिनीपासून ११ किलोमीटर उंचीवरून उडते म्हणून वाट लांबत असेल, अशी शंका काहींना येते. पण १५,००० किलोमीटरच्या प्रवासात त्याने सुमारे २६ किलोमीटरच वाढतात.

वेळेचा खरा कारभार वाऱ्याच्या हाती असतो. विमानाचा ताशी ९०० किलोमीटरचा वेग हा भोवतालच्या हवेच्या संदर्भातला असतो, आणि ती हवा स्वतःच वाहत असते. मध्य अक्षांशांवर ९ ते १२ किलोमीटर उंचीवरचे जेट प्रवाह, म्हणजे अतिवेगवान वाऱ्यांचे अरुंद पट्टे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि हिवाळ्यात अधिक जोर धरतात. फेब्रुवारी २०२० मध्ये अशा प्रवाहात सापडलेले एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत न्यूयॉर्कहून लंडनला पोहोचले. जमिनीवरून मोजल्यास त्याचा वेग काही काळ ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. त्या उंचीवर ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो, तरीही विमानाने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण सोबत वाहणाऱ्या हवेच्या मानाने त्याचा वेग नेहमीइतकाच होता.

जाताना वाचलेली वेळ येताना तेवढीच खर्च होऊन हिशेब बरोबर होत असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे मात्र होत नाही. अंतर ९,००० किलोमीटर आणि वारा ताशी १०० किलोमीटर धरला, तर जाताना ९ तास आणि येताना सव्वाअकरा तास, म्हणजे एकूण सव्वावीस तास लागतात. वारा नसता तर २० तासांत दोन्ही फेऱ्या झाल्या असत्या. समोरचा वारा विमानाला अधिक काळ सोसावा लागतो, म्हणून तोटा नेहमी फायद्यापेक्षा मोठाच राहतो.

यामुळेच सर्वांत जवळचा मार्ग नेहमी सर्वांत जलद ठरत नाही. उत्तर अटलांटिकवरचे हवाई मार्ग वाऱ्याचा अंदाज पाहून रोज दोनदा नव्याने आखले जातात, आणि पाठीमागचा वारा मिळावा म्हणून विमाने शेकडो किलोमीटरचा वळसाही घेतात. वेळापत्रकात छापलेल्या कालावधीत याशिवाय धावपट्टीपर्यंत जाण्याची आणि उतरल्यावर ठरलेल्या जागी येऊन थांबण्याची वेळही धरलेली असते.

काही वळसे मात्र निसर्गामुळे पडत नाहीत. हेलसिंकी ते टोकियो हे सुमारे ७,८०० किलोमीटरचे अंतर सैबेरियावरून नऊ-साडेनऊ तासांत पार होत असे. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाल्यापासून फिनलंडची विमाने उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून मध्य आशियामार्गे जातात, आणि त्याच प्रवासाला सुमारे तेरा तास लागतात.