झेनोपस बेडूक घरी पाळण्याची परवानगी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

अ‍ॅक्वेरियमच्या छंदात 'आफ्रिकन क्लॉड फ्रॉग' या नावाने ओळखला जाणारा झेनोपस लेव्हिस हा बेडूक मूळचा आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातला असून तो जवळजवळ सारे आयुष्य पाण्यात काढतो. 1930 च्या दशकात गर्भधारणेच्या चाचणीसाठी त्याचा वापर सुरू झाला. तपासणीसाठी आलेल्या स्त्रीच्या लघवीचे इंजेक्शन या बेडकाच्या मादीला दिले जाई आणि ती स्त्री गर्भवती असल्यास मादी काही तासांतच अंडी घालत असे. त्यामुळे हे बेडूक मोठ्या संख्येने जगभरच्या प्रयोगशाळांत आणि पुढे घरोघरच्या टाक्यांत पोहोचले. निसटलेल्या किंवा जाणूनबुजून सोडलेल्या बेडकांची वस्ती आज कॅलिफोर्निया, चिली, पोर्तुगाल, सिसिली आणि फ्रान्स येथे रानात आढळते. म्हणूनच अनेक ठिकाणी त्याची नोंद आक्रमक परकी प्रजाती अशी झाली असून तो पाळण्यावर बंदी तरी आहे किंवा अटी तरी आहेत.

अर्ज कोणत्याही देशात करायचा असो, सक्षम प्राधिकाऱ्याला मुख्यतः दोनच गोष्टींची खात्री हवी असते : हा प्राणी निसटणार नाही आणि त्याची वीण होणार नाही. पुढे येणारा प्रत्येक कागद या दोहोंपैकी एका गोष्टीचा पुरावा असतो, हे ध्यानात ठेवल्यास अर्ज भरणे बरेच सोपे जाते.

आधी प्रजातीची खात्री

दुकानात याच बेडकाची पिल्ले कित्येकदा 'ड्वार्फ फ्रॉग' म्हणून विकली जातात. ड्वार्फ फ्रॉग, म्हणजे हायमेनोकायरस, हा वेगळा आणि जेमतेम तीन-चार सेंटिमीटरपर्यंत वाढणारा प्राणी आहे, तर झेनोपस लेव्हिसची पूर्ण वाढलेली मादी दहा-बारा सेंटिमीटरची होते. पिल्लू लहान असतानाही पुढचे पाय नीट पाहिले तर फरक कळतो. हायमेनोकायरसच्या पुढच्या पायांच्या बोटांमध्ये पडदा असतो. झेनोपसच्या पुढच्या पायांची बोटे मोकळी असतात. झेनोपसचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतात आणि अंगावर, विशेषतः दोन्ही कुशींना, टाके घातल्यासारख्या बारीक रेघा दिसतात. ही त्याची पाण्यातली हालचाल टिपणारी संवेदी इंद्रिये होत.

पांढरा, लाल डोळ्यांचा बेडूक हीही तीच प्रजाती आहे. रंग निराळा असल्याने कायद्यातून सूट मिळते हा समज सर्रास आढळतो आणि तो साफ चुकीचा आहे.

पात्रता

पात्रतेचे नियम जागेगणिक बदलतात. युरोपीय संघात 2014 च्या 1143 क्रमांकाच्या नियमाखाली आक्रमक परक्या प्रजातींची यादी ठेवली जाते. झेनोपस लेव्हिसचा त्या यादीत समावेश करणारा नियम 2022 मध्ये निघाला आणि या प्रजातीपुरता तो 2 ऑगस्ट 2024 पासून लागू झाला. यादीतील प्राणी नव्याने आणणे, पाळणे, विकणे, देवघेव करणे, त्यांची वीण करणे, वाहतूक करणे आणि मोकळ्यावर सोडणे या साऱ्यांवर बंदी आहे. मात्र याच नियमाचे 31 वे कलम घरगुती पाळणाऱ्यांना सवलत देते : प्राणी यादीत समाविष्ट होण्यापूर्वीपासून मालकाकडे असेल, तो व्यापारासाठी पाळलेला नसेल, बंदिस्त जागेत असेल आणि त्याचे पलायन व प्रजनन रोखण्याची पुरेशी तजवीज केलेली असेल, तर त्याच्या नैसर्गिक मृत्यूपर्यंत मालकाला तो ठेवता येतो. ही सवलत त्या विशिष्ट प्राण्यापुरती असते. तो गेल्यावर त्याच्या जागी दुसरा आणता येत नाही.

कॅलिफोर्नियाचा नियम याहून कडक आहे. तिथे केवळ लेव्हिस नव्हे, तर झेनोपस या संपूर्ण वंशावरच निर्बंध आहेत आणि संशोधनासारख्या कारणांसाठी परवाना मिळत असला तरी हौसेखातर पाळण्यासाठी तो मिळत नाही. अशा ठिकाणी अर्जाची शक्कल लढवण्यात अर्थ नाही. 'शैक्षणिक उपयोग' असे कारण लिहून घरच्या टाकीसाठी परवाना मागणे ही खोटी माहिती ठरते आणि प्रकरण नकारावरच थांबेल असे नाही.

त्यामुळे पहिले पाऊल म्हणजे आपल्या भागातील वन्यजीव, पर्यावरण किंवा मत्स्य विभागाकडे प्राण्याचे शास्त्रीय नाव लिहून लेखी विचारणा करणे. उत्तरही लेखीच घ्यावे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनाला येथे काहीही किंमत नाही.

कागदपत्रे

ओळखीचा व पत्त्याचा पुरावा सगळीकडेच लागतो, त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही. खरी अडचण येते ती प्राणी कधीपासून आपल्याकडे आहे हे सिद्ध करताना. खरेदीची पावती हा सर्वांत भक्कम पुरावा, पण तीवर नुसते 'बेडूक' किंवा 'पाण्यातला प्राणी' लिहिलेले असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही. मग पशुवैद्याकडील जुन्या नोंदी, तारीख असलेली छायाचित्रे किंवा ज्याने प्राणी दिला त्याचे सही केलेले पत्र यांचा आधार घ्यावा लागतो. छायाचित्र वरून, पाठीवरचे ठिपके स्पष्ट दिसतील असे काढावे, कारण त्यावरूनच हा तोच बेडूक असल्याचे दाखवता येते.

यासोबत प्राण्यांची संख्या, लिंग आणि अंदाजे वय यांचे स्वयंघोषणापत्र जोडावे. लिंगाचा मुद्दा वरवर क्षुल्लक वाटतो, पण वीण होणार नाही या अटीची सारी भिस्त त्यावर असते. प्रौढ मादी नरापेक्षा ठळकपणे मोठी असते आणि तिच्या मागच्या पायांच्या मध्ये मांसल पाकळ्यांसारखा भाग दिसतो. नर सडपातळ असतो आणि विणीच्या काळात त्याच्या पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला काळसर पट्टा येतो. पिल्लांमध्ये यांपैकी काहीच खात्रीने दिसत नाही. म्हणून एकाहून अधिक बेडूक असतील आणि लिंग निश्चित नसेल, तर ते वेगवेगळ्या टाक्यांत ठेवले आहेत असे लिहावे आणि ते खरोखर तसे ठेवावेत. मादी एका वेळी शेकडो, कधी हजारोंनी अंडी घालते.

टाकीचे वर्णन सविस्तर द्यावे. मोजमाप, पाण्याची पातळी, झाकणाचा प्रकार आणि त्याला लावलेली कडी किंवा वजन यांचा उल्लेख असावा. फिल्टरची नळी किंवा वीजतार आत जाते तिथे झाकणात राहिलेली फट ही बेडकाच्या पसंतीची वाट असते. त्याचे अंग इतके बुळबुळीत असते की अरुंद फटीतूनही तो सहज सरकतो. अशा फटी बुजवल्याचे जवळून काढलेले छायाचित्र जोडल्यास तपासणी अधिकाऱ्याचे निम्मे प्रश्न आपोआप मिटतात.

पाणी कुठे टाकणार याचाही उल्लेख करावा. हा बेडूक स्वतः आजारी न दिसता कायट्रिड नावाची, इतर उभयचरांना मारक ठरणारी बुरशी वाहून नेऊ शकतो. म्हणून टाकीतले पाणी बाग, उघडे गटार किंवा ओढ्यात न ओतता ब्लीचने निर्जंतुक करून सांडपाण्याच्या नळात सोडणे आणि जाळी, बादल्या इत्यादी वस्तू पूर्ण वाळवणे, अशी पद्धत अर्जात लिहावी. ब्लीच वापरलेली बादली पुन्हा टाकीसाठी वापरू नये; बेडकाची त्वचा क्लोरीन सहन करत नाही.

अर्ज दिल्यानंतर

काही ठिकाणी केवळ घोषणापत्र पुरते, काही ठिकाणी घरी तपासणी होते. मंजुरीवर लिहिलेल्या अटी शब्दशः वाचाव्यात. विशेषतः घर बदलायचे असल्यास प्राणी हलवण्यापूर्वी कार्यालयाला कळवावे, कारण अनेक नियमांत वाहतूक ही स्वतंत्र बाब मानली जाते.

हा बेडूक पंधरा वर्षे सहज जगतो, काही त्याहून बरेच अधिक. त्यामुळे आपल्याला पुढे सांभाळणे जमले नाही तर काय, याचे उत्तर आजच हवे. मित्राला देणे हा पर्याय बहुधा बंद असतो, कारण देवघेवच निषिद्ध असते. युरोपीय नियमानुसार अटी पाळू न शकणाऱ्या मालकाला प्राणी ठेवता येत नाही, पण सदस्य राष्ट्रे असे प्राणी ताब्यात घेण्याची सोय देऊ शकतात. ती सोय आपल्या भागात आहे का आणि कोणत्या संस्थेत आहे, हे अर्जाच्या वेळीच विचारून फाइलला लावून ठेवावे. प्राणी मेल्यास तारखेसह छायाचित्र काढून कार्यालयाला लेखी कळवावे, शव कुठल्याही पाणवठ्यात टाकू नये आणि नोंद रद्द झाल्याची पोच मागून घ्यावी.